हेडमास्तरांकडचा रविवार

मी ठाण्याच्या हायस्कुलात शिकलो असे सांगितले की लोक मास्तरांविषयी विचारतात. तू जेवत कुठे होतास, असे कोणी विचारत नाही. माझ्या शिक्षणाचा निम्मा इतिहास तर त्यातच आहे.

आमचे गाव कल्याणच्या पलीकडे. वडील भिक्षुकी करीत. आसपासच्या गावांतली मुंजी-लग्ने, श्राद्धे, आणि त्यातून येतील त्या तांदळावर घर. इंग्रजी शाळा ठाण्याला. रोज आगगाडीने जाण्यायेण्याची ऐपत आमच्या गावात एकट्या पाटलाची होती, आणि त्याच्या मुलाला शाळेची गरज वाटत नव्हती. म्हणून मी ठाण्यात तळ्याकाठच्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकली आणि वार लावून जेवू लागलो. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा वाटून घेतलेला. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याची त्या काळची खाणावळ हीच. जेवायला पैसे पडत नसत, पण फुकटही काही नसे. वकिलांकडे जेवणाआधी त्यांच्या मुलाचे पाढे म्हणून घ्यावे लागत. तो अडला की वाढणे लांबायचे, म्हणून मी त्याला हळूच पुढचे सांगायचो. बुधवारी एक पेन्शनर आजोबा. त्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण मी इंग्रजी धडा मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी पसंतीची मान डोलवायची, असा नेम होता. मी चुकीचे वाचले तरी मान तशीच डुले. माझ्या इंग्रजीला इतका चांगला श्रोता पुढे कॉलेजातही मिळाला नाही.

शाळेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. ती सरकारी, पण आरंभी भाड्याच्या घरात भरे, आणि त्या घराच्या खालच्या अंगाला कोणा साहेबाचे घोडे बांधलेले असत. माझ्या वेळेपर्यंत शाळेला स्वतःची इमारत आणि बाके आली होती. तरी जुने विद्यार्थी, जे आता कचेरीत कारकून झाले होते, आम्हांला हिणवत. आम्ही घोड्यांच्या डोक्यावर मांडी घालून भूगोल शिकलो, तुम्ही बाकावर पाय सोडून बसता, विद्या टिकणार कशी, असा त्यांचा सवाल असे.

रविवार माझा हेडमास्तरांकडे. हा आठवड्यातला राजा. हेडमास्तरीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. वाढताना काकूंना 'पुरे' हा शब्द ऐकू येत नसे. एकादशी रविवारी आली की मला पंचांग करणाऱ्याचा राग येई. हेडमास्तर पंक्तीला माझ्या शेजारीच बसत, पण शाळेचा विषय चुकूनही काढीत नसत. शाळेत मात्र ते मला ओळखतच नसल्यासारखे वागत, आणि खरेच ओळखत नसते तर बरे झाले असते. गणित तेच शिकवीत. उदाहरण चुकले तर इतरांना एक छडी, मला दोन. दुसरी छडी रविवारची, असे आम्ही पोरे म्हणत असू.

मी शेवटच्या वर्गात आलो. मॅट्रिकची परीक्षा मुंबईस, आणि तिथे कोणाला पाठवायचे ते हेडमास्तरांच्या सहीवर. सही शाळेतल्या चाचणी परीक्षेवरून मिळे. वडिलांचा निरोप आला होता की यंदा मुंबईस गेलास तर जा, नाहीतर घरी ये. माझे गुडघे आता चालत नाहीत, यजमान तुला सांभाळायचे आहेत. त्यात राग नव्हता आणि सूटही नव्हती.

हेडमास्तरांनी पास झालेल्यांची नावे वाचली. त्यात मी नव्हतो. गणितात थोडक्यात राहिलो होतो.

माझ्या बाकावर एका कारकुनाचा मुलगा बसे. त्याने माझा पेपर ओढून घेतला आणि आपल्याशेजारी ठेवला. भूमितीचा एकच सिद्धांत, दोघांची सिद्धता शब्दन् शब्द सारखी. त्याला पूर्ण मार्क, मला निम्मे.

"माझा त्रिकोण बघ," तो म्हणाला, "बसलेल्या म्हशीसारखा दिसतोय. तरी पूर्ण मार्क. जा, विचार जाऊन."

मी गेलो. हेडमास्तरांनी पेपर पाहिला, चष्मा काढून पुसला.

"सिद्धता बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू माझ्या घरी जेवतोस. तुला जेमतेम पास केला तर गाव म्हणेल, हेडमास्तरानं घरचा मुलगा पुढं ढकलला. तू इतरांपेक्षा उजवा ठरायला हवास."

"म्हणजे मी जेवतो म्हणून राहिलो?"

"राहिलास कुठं? पुढल्या वर्षी बस."

पुढले वर्ष मला नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांना वाईट वाटले, पण माणूस इतका सचोटीचा की त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नसे, त्याचे स्वतःचेही नाही.

"मग मी येत्या रविवारपासून जेवायला येत नाही," मी म्हणालो. भिक्षुकाचा मुलगा असलो तरी मी ताठ होतो. अजून आहे.

तो रविवार मी तळ्याच्या पायरीवर चुरमुरे खाऊन काढला. ताठपणाला चव नसते हे त्या दिवशी कळले.

पण गाव जागे होते. सोमवारी सकाळी तळ्यावर धुण्याच्या दगडांपाशी बातमी पोचली की हेडमास्तरांचा वार सुटला. वार लावणारा मुलगा घर सोडतो ते दोनच कारणांनी: एक त्याचे वर्तन, नाहीतर तिथली आमटी. माझ्या वर्तनाला नाव ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मंगळवारपर्यंत काकूंची आमटी इतकी पातळ झाली की, वकिलीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, वाटीचा तळ दिसू लागला.

बुधवारी शाळेच्या वाटेवर काकूंनी मला हाक मारून अंगणात उभे केले. "अरे, काय कमी केलं मी तुला? मीठ जास्त पडलं होतं का?"

मी सगळे सांगून टाकले. "इथंच थांब," म्हणून त्या आत गेल्या. हेडमास्तर शाळेला निघायच्या तयारीत होते. आतले बोलणे मला अंगणात ऐकू येत होते.

"याचे मार्क इकडून कापले गेले?"

"ती शाळेची गोष्ट आहे."

"शाळेची असेल तर शाळेत ठेवावी, माझ्या रविवारात आणू नये. जेवायला मी घालायचं आणि दंड त्या पोरानं भरायचा? उद्या कोणता मुलगा या उंबऱ्यात पाय ठेवील?"

हेडमास्तर हळू आवाजात काही म्हणाले. त्यातला 'गाव' एवढा शब्द मला कळला.

"गाव काय म्हणतंय, ते मी तळ्यावर ऐकून आलेय."

हेडमास्तर बाहेर आले. डोक्याचा रुमाल अर्धाच बांधून झाला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर घे आणि दुय्यम मास्तरांकडे जा. ते तपासतील."

यातली मेख शाळेतल्या लहान पोरालाही कळली असती. दुय्यम मास्तरांचे आणि त्यांचे खिडकीजवळच्या टेबलावरून कधीच बिनसले होते; दोघे एकमेकांशी चिठ्ठीने बोलत. हेडमास्तरांची मर्जी राखायला ते अर्धा मार्क देतील, असे गावात कोणी म्हणू शकले नसते. त्यांनी माझा पेपर मोठ्या आनंदाने तपासला. एवढा आनंद मला मार्क देण्याचा नव्हता, हे उघड आहे. सिद्धांताला पूर्ण मार्क देऊन त्यांनी खाली तांबड्या शाईने लिहिले की सिद्धता निर्दोष आहे, पहिल्या तपासणीविषयी तसे म्हणता येत नाही.

हेडमास्तरांनी ते वाचले. कान लाल झाले. मग त्यांनी सही केली, पण टाकाचे टोक कागदात रुतले.

माझे रविवार पुन्हा सुरू झाले, पण परीक्षक आणि उमेदवार एका पंक्तीला नकोत म्हणून माझे जेवण उरकून मी हात धुवेपर्यंत ते पानावर बसत नसत. गरम भाताचे मोठे शौकीन. आणि काकूंनी त्यांच्यासाठी भात दुसऱ्यांदा चुलीवर ठेवायला साफ नकार दिला.

मुंबईस जाऊन मी मॅट्रिक झालो. पुढे बी. ए. झालो, आमच्या कुळात पहिला मी, आणि हे मी मोठ्याने सांगतो. वडिलांनी यजमान पुतण्याच्या हवाली केले.

कॉलेजात जाण्याआधी नमस्कार करायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या की रविवार रिकामा ठेवणार नाही, भिवंडीकडचा एक मुलगा विचारायला आलाय. हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली.

"इंग्रजी कितवीत आहे तो?"

"पहिलीत."

गणिताच्या मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. मग वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

"घाल जेवायला," ते म्हणाले. "तो मॅट्रिकला येईतो मी पेन्शनीत गेलेला असेन."