हलव्याचा दोरा

संक्रांतीच्या सकाळी मी लेकीसाठी हलव्याचे दागिने ओवत बसले होते आणि लेक गालाला हात लावून रडत होती. सात वर्षांची पोर, चंदीगडातच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. पण दुपारच्या हळदीकुंकवाला दारात उभं राहून प्रत्येकीला "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" आपणच म्हणणार, असा तिचा हट्ट होता. त्यासाठी आठवडाभर घोकंपट्टी चालली होती. आता तोंडच उघडेना.

नवरा डॉक्टर, तो ड्यूटीवर. उद्या दातांच्या डॉक्टरकडे नेऊ, असं फोनवर शांतपणे म्हणाला. उद्या घेऊन मी काय करू? बायका आज यायच्या होत्या.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. जरा उतार पडला, की पुन्हा ठणका. शेजारची पंजाबी आंटी लवंगेचं तेल देऊन गेली, आणि जाता जाता माझ्या तिळाच्या लाडवांवर खापर फोडून गेली. मी चडफडले. पोरीची हिरडी भाजेल म्हणून तेल काही लावलं नाही. लाडवांना तर पोरीने अजून हातही लावला नव्हता. मग खाल्लं काय, विचारलं.

"कल लोहडी पे फुल्ले खाए थे," ती मुसमुसत म्हणाली.

फुल्ले म्हणजे मक्याच्या लाह्या. त्याही आंटीच्याच अंगणातल्या लोहडीच्या शेकोटीपाशी वाटलेल्या.

बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर दोन दाढांच्या फटीत काहीतरी पिवळट अडकलेलं. टाचणी घालायची छाती होईना. तेवढ्यात हातातल्या दोऱ्याकडे लक्ष गेलं. दिरांनी अमेरिकेहून आणलेला, पुदिन्याच्या वासाचा, खास दातांच्या फटी साफ करायचा दोरा. आमच्याकडे असले चोचले कोण करतंय? मजबूत म्हणून मी त्यात हलवा ओवत होते.

उरलेला तुकडा तोडला, हलकेच फटीत सरकवला. मक्याचं टरफल बाहेर आलं. चूळ भरून लेकीने जीभ फिरवून पाहिली आणि हसली. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

दोरा संपल्यामुळे दुपारी हळदीकुंकवाला तिच्या एका हातात हलव्याची बांगडी नव्हती. विचारेल तिला मी बशीतलं टरफल दाखवत होते. आंटी आली तेव्हा लेकीने तिच्या हातावर लाडू ठेवला आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला."

आंटीने तो तिथेच खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला.