भामाचं बाळ

"आकडा राहू दे, लेकरू दाखव." पंचफुलाबाईंचं हे बोलणं तारनाक्याकडच्या त्या लहानशा सरकारी दवाखान्यात भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं होतं. चालू असायचं, ऐकू कुणाला यायचं नाही. एकतीस वर्षं त्यांनी बस्तीतल्या लेकरांना लस टोचली. मराठवाड्यातून नर्स होऊन आल्या तेव्हा या बस्तीला चढ नव्हता. निदान त्यांना तसं वाटायचं. आज नोकरीचा शेवटचा दिवस. गुडघे मात्र कधीचेच निवृत्त झाले होते.

वृषाली तिथं संगणकावर बसायची. आसपासच्या खाजगी दवाखान्यांतून लसीकरणाच्या याद्या यायच्या. त्या आपल्या यादीशी जुळवायच्या आणि महिन्याचा अहवाल वरच्या कचेरीला पाठवायचा, हे तिचं काम. दिवस कलेपर्यंत डोळे चुरचुरायला लागायचे. नोकरी कंत्राटी, आणि करार याच महिन्यात वाढायचा होता. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर एकनाथराव साहेबांनी सकाळीच कचेरीला फोनवर सांगून टाकलं होतं, या खेपेला लसीकरण शंभर टक्के.

यादीत एकच नाव उरलं होतं. भामाचं बाळ, दहा महिने, गोवराची लस बाकी. दुपारी नाक्यावरच्या दवाखान्याची यादी आली. तीत लिहिलं होतं, भारतीचं बाळ, गोवराची लस दिली. आडनाव तेच, बस्ती तीच, मोबाईल नंबरही तोच. वृषालीला हायसं वाटलं. तिच्या सुलतान बाजारच्या घरात आईला, काकूला, वहिनीला माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन-दोन नावं. भामा माहेरचं, भारती सासरचं. तिनं दोन्ही ओळी एक केल्या. बाकी शून्य.

साडेतीनला पंचफुलाबाईंनी जुळवलेल्या यादीचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.

"भामाचं लेकरू कुठं गेलं, माय?"

"भारती म्हणजेच भामा, मावशी. लग्नात नाव बदललं असणार."

"तू जेवायला होतीस का लग्नात?"

वृषाली हसली. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नंबर फिरवला आणि फोन दोघींच्या मध्ये ठेवला.

"भारती बोलायलीस का? लेकराला गोवराची सुई कधी दिली?"

"मंगळवारी दिली की, बाई. नाक्यावर."

"आन् भामा कोण?"

"माझी धाकटी जाऊ. फोन एकच हाय घरात. माझं बाळंतपण नांदेडला माहेरी झालं, म्हणून माझ्या लेकराचं नाव तुमच्याकडं नसंल. तिचं इथंच झालं. तिच्या पोरीला कुठली सुई? भामाला कामावरून सुट्टीच नाही. सहाला येती ती."

फोन बंद झाला. वृषाली संगणकाच्या पडद्याकडं बघत राहिली. तिथं भामाचं बाळ नव्हतंच. लस बाकी असलेल्यांच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याच्या दाराशी पुन्हा कुणी जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

एकनाथराव आत आले. ऐकून घेतल्यावर थकल्यासारखे खुर्चीत बसले.

"सिस्टर, अहवाल पाचला बंद होतो. सहाला तुम्ही टोचणारच ना? मग राहू द्या की शंभर."

"पोरीला ताप असला तर? भामाला आज उशीर झाला तर? उद्या मी नाही, साहेब. उद्याच्या माणसाला त्या पोरीचं नाव तरी दिसू द्या."

"वृषाली, तुझा करार आहे या महिन्यात. बघ बाई."

 पंचफुलाबाई नुसत्या पाय चोळत बसल्या. वृषालीनं बराच वेळ हात मांडीवर ठेवला. मग ओळ पुन्हा लिहिली. भामाचं बाळ, मुलगी, गोवराची लस बाकी. एकूण बाकी एक. पाचला दहा मिनिटं कमी असताना अहवाल गेला. एकनाथराव उठून आपल्या खोलीत गेले, दार लोटून.

पंचफुलाबाईंनी निळ्या डब्यात बर्फ भरला, कुपी ठेवली.

"पाच लेकरांची कुपी एकीसाठी फोडावी लागंल, चार डोस वाया. तेही लिही उद्या."

"मावशी, तुमच्या निरोपाचा हार?"

"पाणी शिंपडून ठेव. आले वापस तर घालीन."

डबा खांद्याला लावून त्या फाटकाबाहेर पडल्या. चढाच्या सुरुवातीला थांबल्या, डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि एकेक पाऊल मोजल्यासारख्या वर निघाल्या. मागं वळून काही बघितलं नाही. ओला हार हातात धरून वृषाली खिडकीच्या जाळीपाशी उभी होती. शेजारच्या खिडकीत एकनाथरावही कधी येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.