एकाचे दोन होताना

“सरका, सरका, जिवंत हाय!” असं ओरडत आमचे मामा काचपट्टी दोन्ही हातांनी धरून यायचे. पट्टीवर काय, तर कांद्याचा पापुद्रा! पण चाल अशी, की तुम्हीही भिंतीला चिकटून वाट दिली असती.

मामा नाशिकच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. गाव चांदवडकडचं, त्यामुळे कांदा निवडताना कोणाचं ऐकायचे नाहीत. मी तिथे शिकवायचे आणि फार बोलायचे. एकदा पोरांना सांगत होते, पेशीला ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रियाचे कण मधोमध बारीक होऊन तुटतात, एकाचे दोन होतात. बिघडलेला तुकडा असाच वेगळा पडतो आणि पेशी तो पचवून टाकते.

मागून मामा म्हणाले, “म्हंजे साठवलेल्या कांद्यातला सडका काढायचा, नाय तर सगळाच जातो. पण मॅडम, तुटताना तुम्ही बघितलंय?”

पोरं हसली. वीस वर्षं शिकवत होते, बघितलं कुठे होतं! काय राग आला म्हणून सांगू.

मामांनी मात्र ध्यासच घेतला. रिटायर व्हायला तीन महिने उरले होते, त्याआधी त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं. डबा खाऊन झाला की पापुद्रा सोलायचा, रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. हिरवट-निळे ठिपके नुसते इकडून तिकडे पळायचे. “लय चपळ हायेत. उद्या बघू,” म्हणत ते उठायचे.

उद्या उद्या करता शेवटचा दिवस उजाडला. हॉलमध्ये प्राचार्य शाल-नारळ घेऊन ताटकळले आणि सत्कारमूर्ती गायब! मी तणतणत प्रयोगशाळेत गेले.

“अहो मामा, लोक खोळंबलेत!”

“थांबा, एक कमरेत बारीक झालाय. आता तुटंल.” आणि काय वाटलं कोणास ठाऊक, चटकन स्टूल सोडून म्हणाले, “बसा. तुम्ही बघा.”

मी डोळा लावला. लांबट ठिपका, मधे धाग्याएवढा. आणि तुटला! दोन्ही तुकडे आपापल्या वाटेने निघाले. मी लहान पोरीसारखी ओरडले, “झाले दोन!”

मग भानावर आले. “अहो, हे तुम्ही बघायचं होतं ना!”

“माझं काय, मी उद्यापासून घरी. तुम्हाला अजून पोरांना शिकवायचंय,” म्हणाले आणि सदरा झटकून हॉलकडे गेले. मला रडू आवरेना.

मामा आता गावी असतात. फोन केला की तब्येत, पाऊसपाणी सगळं झाल्यावर हळूच म्हणतात, “मॅडम, त्ये कसं तुटलं, सांगा की परत.”

मी सांगते. दर वेळी पहिल्यापासून.