भोंगा वाजला, दारं लागली

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो. ती लावायला नाही, काढायला.

तेव्हा मी पोलीस निरीक्षक होते. आज ओट्यावर बसून नातवंडांची भांडणं सोडवणारी ही म्हातारी त्या वेळी काळा चष्मा लावायची, आणि तोही ढगाळ दिवशी. माझं नाव ऐकून आरोपी थरथरतात अशी माझी समजूत होती. पुढं कळलं की थरथरायची ती आमची जीप, तिसऱ्या गिअरला. पण सांगणार कोण? ठाण्यात माझ्यासमोर सगळे ‘बरोबर आहे मॅडम’ म्हणायचे. एकटे आमचे जुने हवालदार गप्प राहायचे. त्यांना सगळं ठाणं मामा म्हणे.

आमच्या हद्दीत एक खाजगी विद्यापीठ होतं. नाव सांगणार नाही, आणि ओळखायचा खटाटोप तुम्हीही करू नका. तिन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये काचेच्या इमारती. आमच्या जिल्ह्यात उसाला तोड लागली की बिबट्यांची घरं मोडतात आणि ते वाट फुटेल तिकडे निघतात. एका वर्षी खरोखरच एक मादी दोन पिल्लं घेऊन विद्यापीठाच्या वाचनालयामागे येऊन बसली होती. कुणाला ओरखडाही आला नाही, पण धसका बसला. मग विद्यापीठानं भलीमोठी यंत्रणा बसवली. प्रत्येक वसतिगृहात मजल्यामजल्यावर लाल बटण. बटण दाबलं की गेटवरच्या केबिनमध्ये दिवा लागणार, मग तिथला रखवालदार भोंगा वाजवणार आणि सगळ्यांच्या मोबाईलवर संदेश सोडणार. विद्यार्थ्यांचं एक स्वयंसेवक पथकही केलं. त्यांना चमकणारी जाकिटं, शिट्ट्या आणि काठ्या दिल्या. भोंगा वाजल्यावर सगळ्यांनी आत आणि या पथकानं बाहेर राहून दारं नीट लागलीत का ते बघायचं, असा नियम होता.

त्या हंगामात थोड्याच दिवसांत तीनदा भोंगा वाजला. तिन्ही वेळा दिवेलागणीला. वन खात्याची माणसं आली, पण ठसा नाही, विष्ठा नाही, एक कुत्रंही गायब नाही. दोनदा दुसऱ्या दिवशीची परीक्षा पुढं ढकलावी लागली. मग कुलसचिव अर्ज घेऊन माझ्याकडे आले.

“मॅडम, परीक्षा चुकवायचा धंदा आहे हा. एकाला धरून द्या. काढून टाकण्याचा आदेश तयार ठेवलाय, फक्त नाव घालायचं बाकी आहे. गुन्हाही दाखल झाला पाहिजे.”

म्हणजे कुठल्यातरी पोराचं शिक्षण संपणार होतं आणि पुढं नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आमचाच शेरा त्याला आडवा जाणार होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला त्या वेळी दिसत होती ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी आणि तिच्यातला माझा फोटो. चष्म्यासकट.

खबर मिळाली ती विद्यापीठाच्या गेटबाहेर अंडाभुर्जीची गाडी लावणाऱ्या चाचांकडून. ते माझे जुने खबरी.

“मॅडम, तुमचा बिबट्या दोन पायांचा आहे,” ते कांदा चिरता चिरता म्हणाले. “चष्मा लावतो. माझ्याकडं भुर्जी खातो.”

“कोण?”

“पहिल्या वर्षाचं पोरगं. देवळाली प्रवराकडचं. पोरं बोलतात ना इथं, दुसऱ्या मजल्यावर हाच बटण दाबतो म्हणून. पण एक सांगू? ते पोरगं आजकाल खात नाही. नुसतं बसून राहतं. मी गाडी बंद करायला लागलो तरी उठत नाही. ‘चाचा, अजून थोडा वेळ’ म्हणतं.”

चाचांच्या बोलण्यातलं पहिलं अर्धं मी डायरीत लिहून घेतलं. दुसरं अर्धं ऐकताना मी जीपच्या आरशात टोपी नीट करत होते.

मुलाला ठाण्यात बोलावलं. हडकुळा, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी माझी ठरलेली चाल खेळले. आधी बराच वेळ काही बोलायचं नाही, फाईल चाळायची, मग एकदम वर बघायचं. त्या फाईलमध्ये जीपच्या डिझेलच्या पावत्या होत्या.

“बटण कोण दाबतं?”

“मीच दाबलं.”

माझी चाल अजून पुरती मांडूनही झाली नव्हती.

“तिन्ही वेळा?”

“व्हय.”

“का?”

“उगाच.”

“परीक्षेचा अभ्यास झाला नव्हता?”

“तसं लिव्हा.”

‘तसं लिव्हा.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत गुन्हेगारांनी मला ‘तसं लिहू नका’ असं हजारदा म्हटलं होतं. तसं लिहा म्हणणारा हा पहिला. शहाण्या माणसाचे कान तिथंच उभे राहिले असते. मी मात्र चहा मागवला आणि मामांना म्हणाले, “बघा, जेवणाच्या आत गुन्हा उघड.”

मामा म्हणाले, “मॅडम, चोर खुर्चीच्या कडेला बसतो. हे पोरगं नीट आत बसलंय, पण पाठ टेकत न्हाई.”

“घाबरलाय.”

“असंल.”

जबाब झाला, पण घटनास्थळाचा पंचनामा राहिला होता. बटण कुठं आहे, तिथून काय दिसतं, दाबल्यावर काय होतं, सगळं कागदावर यायला हवं. मजल्यावरच्या कॅमेऱ्याचं तोंड जिन्याकडे होतं आणि बटण त्याच्या पाठीमागं. म्हणून मी ठरवलं, संध्याकाळी त्याच वेळी जायचं आणि मुलाला बटण दाबून दाखवायला लावायचं. कुणी नाटक करू नये म्हणून गाजावाजा नको. जीप चाचांच्या गाडीपाशी उभी केली. मी साध्या वेशात, पंजाबी ड्रेसवर. कुलसचिवांना आणि गेटवरच्या रखवालदाराला तेवढं सांगितलं होतं.

केबिनमधलं यंत्र आधी पाहिलं. त्यावर बिबट्याखेरीज आग, मारामारी, दवाखाना अशी वेगवेगळी बटणं होती. त्यांच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

“कुठल्या मजल्याचा दिवा लागतो ते बघता का?” मी विचारलं.

रखवालदार हसला. “बिबट्या काय एका जागी बसतो का मॅडम? दिवा बघून काय करू? मी आपला भोंगा वाजवतो आनि मेसेज सोडतो.”

मला ते पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं.

पंच म्हणून विद्यापीठाचेच दोन कारकून घेतले. मामांना खाली वसतिगृहाच्या दाराशी थांबवलं. दुसऱ्या मजल्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही चौघं उभे राहिलो. खोल्यांतून मोबाईलवरची गाणी ऐकू येत होती, कुणीतरी मॅगी शिजवत होतं. मी म्हणाले, “दाब.”

त्यानं दाबलं.

भोंगा वाजला. आणि मग जो आवाज झाला तो मी विसरलेले नाही. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड्या लागत गेल्या. खट्, खट्, खट्. खिडक्या आपटल्या. गाणी थांबली. दिवे गेले, कारण दिवा विझवायचा असंही शिकवलं होतं. खाली रेक्टरनं लोखंडी जाळीचं दार ओढलं आणि कुलूप घातलं. मामा बाहेर राहिले. त्यांच्या हाका ऐकू आल्या, मग भोंग्यात बुडाल्या.

मागं वळून बघते तर माझे पंच नाहीत. सगळं आधीच माहीत असलेली ती दोन प्रौढ माणसं शेजारच्या खोलीत शिरली होती आणि त्यांनीही आतून कडी घातली होती.

मी दारावर थाप मारली. “पोलीस. दार उघडा.”

आतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “उघडू नको रं. थाप मारली तरी उघडायचं न्हाई, सांगितलंय.” वन खात्यानं एकदा सांगितलं होतं खरं, की बिबट्या दाराला धडका देतो. दुसऱ्या दारावर गेले. तिसऱ्या. मी आवाज चढवला. ज्या आवाजाला जिल्हा घाबरतो असं मला वाटायचं, त्या आवाजानं एक कडीसुद्धा हलली नाही.

“मॅडम,” तो मुलगा मागून म्हणाला. “आता कुनी येत न्हाई. संपेपर्यंत न्हाई येत.”

“काय संपेपर्यंत?”

तो व्हरांड्याच्या टोकाला, न्हाणीघराजवळ चालत गेला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यानं चष्मा काढला, घडी करून खिडकीच्या कठड्यावर अगदी आतल्या कोपऱ्यात ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात भिंतीवर टेकवून उभा राहिला. वर्गात हजेरीला उभं राहावं इतक्या सवयीनं.

मी त्याच्या मागोमाग बेसिनच्या आडोशापर्यंत गेले, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जाळीचं दार लागण्याआधी आत असलेली माणसं. चमकणारी जाकिटं घातलेले तिघे वर आले. सुरक्षा पथक. एकजण काठी कठड्यावर घासत येत होता.

“आज तर सोताहून उभा राहिलाय,” तो म्हणाला. बाकीचे हसले. “काय रं, कुठाय आमचा बिबट्या? परत बोलावलास व्हय आमाला?”

आणि त्यानं कमरेचा पट्टा सोडला.

मी आडोशातून पुढं आले. मला बघून त्यानं पट्टा मागं लपवला आणि आदबीनं म्हणाला, “ताई, तुम्ही कोण? आत व्हा. बिबट्या आलाय, बाहेर थांबायचं नसतं.”

अशा प्रसंगासाठी माझ्याकडे भारदस्त वाक्यांचा साठा होता. एकही आठवलं नाही. मी फक्त त्याचं मनगट धरलं आणि मामा कुलूप उघडायला लावून वर येईपर्यंत सोडलं नाही. मामांनी नंतर सांगितलं, माझी नखं त्याच्या हातात रुतली होती.

रीतसर वैद्यकीय तपासणी झाली. मुलाच्या पाठीवर जुने आणि नवे वळ होते. म्हणून तो खुर्चीला पाठ टेकत नव्हता. ते तिघे वरच्या वर्गांतले. आधी त्यांचा छळ साधाच होता, कपडे धुऊन घेणं, रात्रभर जागवणं. एका संध्याकाळी मारहाण झाली तेव्हा पोरानं मदतीसाठी लाल बटण दाबलं. त्याला वाटलं होतं, माणसं येतील. माणसांनी कड्या लावल्या, रेक्टरनं खाली कुलूप घातलं आणि खोल्यांबाहेर राहायची परवानगी ज्यांना होती, ते तिघेच त्याच्यासोबत व्हरांड्यात राहिले. भोंग्यानं त्यांना मोकळा व्हरांडा करून दिला. ओरडलेलं ऐकू येऊ नये याचीही सोय भोंग्यानंच केली.

“कुणाला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगितलं तर भोंगा मी वाजवला हे बी सांगावं लागलं असतं. काढून टाकलं असतं. बापाला काय सांगू?”

“मग ठाण्यात लगेच कबूल कशाला झालास?”

“काढून तरी टाकतील, असं वाटलं.”

एकाच भीतीनं तो आधी गप्प राहिला होता आणि मग तिलाच सुटका समजू लागला होता. डिझेलच्या पावत्या चाळून हे मला कधीच कळलं नसतं.

एक प्रश्न मात्र मला सोडत नव्हता. “एकदा कळलं होतं ना, कुणी येत नाही. मग परत परत का दाबलंस?”

त्यानं चष्मा पुसला. “वाटायचं, या टायमाला कुनीतरी दार उघडून बघंल. खरंच बिबट्या हाय का, तेवढं तरी.”

मामा उठून बाहेर गेले. मी जबाब लिहीत राहिले.

रॅगिंगविरोधी कायद्यानं आणि मारहाणीच्या कलमांखाली त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल केला. कुलसचिव म्हणाले, “विद्यापीठाचं नाव बाहेर गेलं तर...” मी म्हणाले, “तो आदेश तयार आहे ना? नावं मी देते, तीन.” हे वाक्य तेवढं बरं जमलं, अजून सांगते सगळ्यांना. मुलाचे वडील टेम्पो घेऊन आले. पोराची पेटी टेम्पोत टाकून म्हणाले, “चल घरी.” पोरगं फाळक्यापाशी गेलं आणि त्यानं पेटी उतरवली. चाचांनी त्या दिवशी त्याला दोन प्लेट भुर्जी बळंच खायला घातली.

यंत्रणा बदलली. वेगळ्या संकटाला वेगळा आवाज, कुठल्या मजल्याचा दिवा लागला ते बघणारा माणूस, आणि थाप ऐकू आली तर किमान दारामागून ‘कोण?’ असं विचारायचं. त्याची तालीम घेतली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. भोंगा वाजला आणि सगळ्यात आधी त्या मुलाच्या खोलीचं दार उघडलं. चष्मा लावलेलं डोकं बाहेर आलं, त्यानं दोन्ही बाजूंना नीट बघितलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? त्या इमारतीतल्या प्रत्येकानं सांगितलं होतं तेच केलं. रखवालदारानं भोंगा वाजवला, रेक्टरनं कुलूप घातलं, पोरांनी कड्या लावल्या. एकानंही नियम मोडला नाही. आजवर मी नियम मोडणाऱ्यांचे गुन्हे तपासत आले होते. सगळ्यांनी नियम पाळले आणि एका पोराची पाठ सोलली गेली, असा गुन्हा मी पहिल्यांदा पाहिला.

आता सावेडीत मुलाकडे राहते. गल्लीत कुणी ओरडलं, कुठल्या गाडीचा भोंगा वाजत राहिला, की सून आधी दार लावून घेते आणि मी जाऊन उघडते. ती चिडते. म्हणते, “आई, एक दिवस खरंच बिबट्या असेल बाहेर.”

“असू दे,” मी म्हणते. “त्याला आत घेणार नाही. पण बघणार.”