हेवीवेट सरांनी न मारलेला ठोसा

हेवीवेट सर नाव विचारायच्या आधी वजन विचारायचे. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या किकबॉक्सिंगच्या क्लासात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला कारकून होतो. ऑफिसात आपल्याला कुणी जुमानत नाही, एवढंच माझं दुःख होतं. "एक्कावन्न किलो," मी छाती काढून सांगितलं. एकशे पंधरा किलोंचा तो माणूस मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला.

"बुटासकट?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

सर पडेगावकडच्या मेंढपाळ घरातले. दमलेली मेंढरं खांद्यावर वाहून वाहून खांदे तयार झाले, पुढे कुस्ती झाली, आणि लष्करातून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकाने त्यांना किकबॉक्सिंगकडे ओढलं. त्यांचा कुठे सत्कार झाला की ते माईकवर सांगायचे, "राज्य स्पर्धेला माझ्या वजनात दुसरं कुणी आलंच नाय. काट्यावर चढलो, उतरलो, सुवर्णपदक! पुढच्या साली दोघं होतो, तवा रौप्य मिळालं." सत्कार करणारे कसनुसं हसायचे.

सर जे सांगायचे नाहीत, ते वहिनींकडून कळलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. क्लासाच्या दारात बसून फाटलेले ग्लोव्हज शिवायच्या. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा सरांच्या डाव्या डोळ्यावर लाथ बसली आणि त्या डोळ्याने दिसेनासं झालं. पंचांना कळू न देता ते उरलेल्या दोन फेऱ्या लढले आणि थोडक्यात हरले. डोळा गेला तो गेलाच. तिशीच्या आत लढणं संपलं. मी भीत भीत विषय काढला तर म्हणाले, "समोरचा अर्धाच दिसत व्हता. मग अर्धाच मारला."

सहा महिन्यांत माझी लाथ कमरेपर्यंत जायला लागली, माझ्याच कमरेपर्यंत. ऑफिसात मात्र मी शहागंजाच्या गर्दीतून जातानासुद्धा खांदे ताणून चालतो, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मीच सांगितलं होतं.

ती दुष्काळाची वर्षं. शहर पडेगावकडे पसरत होतं. प्लॉट पडले, घरं झाली, नळ बसले, फक्त पाणी नव्हतं. तिथेच, सरांच्या गल्लीत मी भाड्याने राहत होतो. आठवड्याने टँकर यायचा. एका सकाळी एका दांडगट माणसाने रांगेतल्या म्हातारीचा ड्रम लाथेने बाजूला सारला. मी पुढे झालो. "ए, ड्रम जागेवर ठेव!" असं ओरडलो, लाथ उचलली आणि टँकरखालच्या चिखलात उताणा पडलो. पडताना त्याच म्हातारीची भरलेली घागर मी सांडली.

तो माझ्यावर धावला, तेवढ्यात सर घरातून येऊन मध्ये उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागे धरले होते. त्याने तीन ठोसे मारले. एक गालावर, दोन छातीवर. सर हलले नाहीत. शेवटी तोच मनगट चोळत थांबला.

"झालं? आता आजीचा ड्रम उचल," सर म्हणाले. त्याने उचलला.

"सर, एक तरी ठेवून द्यायचा होता!" मी चिखलातूनच म्हणालो.

"माझा बसला असता तर ते उठलं नसतं. आन् त्याच्या घरी बी ड्रम रिकामाच असंल की."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं, की त्या माणसाला मीच धरून ठेवला. एक सहकारी खात्री करायला थेट क्लासात आला. सरांनी तिरक्या मानेने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय, ह्यांनीच धरला. मी निसता उभा व्हतो." मी लाजेने मरायला हवं होतं. मी मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट सांगत राहिलो. दर खेपेला तो माणूस दोन इंच उंच होत गेला.

पुढे क्लासाची इमारत पाडून तिथे कॉम्प्लेक्स झालं. सरांचा उजवा डोळाही अधू होत गेला आणि शिकवणं थांबलं. गेल्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेत मला बोलायला लावलं, तेव्हा पहिल्यांदा ती गोष्ट मी खरी सांगितली, चिखल आणि घागरीसकट. लोक हसले. खाली उतरून मी वहिनींसमोर हात जोडले.

"मला त्याच दिवशी ठाऊक झालं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "गालाला हळद लावून घेत हसत व्हते. म्हणाले, 'पडलं बिचारं, पण समद्या गल्लीत पैलं तेच पुढं झालं. मी तर अजून चपला शोधत व्हतो.'"