एकाच घमेल्यातली दया

सकाळपासून तिसऱ्यांदा मी तबेल्यात गेलो. घोडीच्या पापणीत सुई टोचून जेमतेम एक दिवस झाला होता. इतक्यात काही कळणार नाही हे मलाच ठाऊक, तरी पाय घरात ठरत नव्हते.

एकोणीसशे तीसनंतरची, सोलापुरातली गोष्ट. मी गुराढोरांचा डॉक्टर. शहरातल्या प्राणिदया मंडळाने मला इन्स्पेक्टर नेमलं होतं. काम सरळ होतं. टांग्याच्या घोड्याला पट्टा घासून जखम दिसली की घोडा ताब्यात घ्यायचा आणि बरा होईपर्यंत मंडळाच्या तबेल्यात ठेवायचा. नवी पेठेत उस्मानचाचांची घोडी मी अशीच आणली. पंधरा दिवसांनी जखम भरल्यावर परत दिली. तेव्हा मी स्वतःवर बराच खूश होतो.

महिनाभराने चाचाच तिला घेऊन आले. एका नाकपुडीतून चिकट पू, जबड्याखाली गाठी.

"साब, तुमीच ले गये थे इसकू," ते म्हणाले. "तुमारे तबेलेसे आई, तबसे ऐसी है."

मला ग्लँडर्सची शंका आली. घोड्यांचा हा रोग झपाट्याने पसरतो, माणसालाही होतो आणि त्याच्यावर औषध नव्हतं. खात्रीसाठी खालच्या पापणीत चाचणीच्या द्रवाची सुई टोचायची. दोन दिवसांत पापणी सुजली, तर कायद्याने घोडा गोळी घालून मारावा लागे.

पण रोग आला कुठून? एकादशीला मंडळाचे सभासद सहकुटुंब तबेल्यात येत. गूळ-हरभऱ्याचं एकच घमेलं, ते प्रत्येक घोड्यापुढे धरायचं, म्हणजे सगळ्यांच्या हातून पुण्य घडे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या घोड्याचं नाक कायम गळत असे. मी सर्दी म्हणून सोडून दिलं होतं. एका एकादशीला त्याच्यापुढचं घमेलं उचलून चाचांच्या घोडीपुढे मीच धरलं होतं.

घोडीबरोबर त्याच दिवशी त्या म्हाताऱ्या घोड्यालाही सुई टोचली आणि सेक्रेटरी रावसाहेबांकडे गेलो.

"डॉक्टर, आपलं मंडळ दयेचं," ते म्हणाले. "आपल्या दारात गोळी चालली तर लोक काय म्हणतील? घोडी गुपचूप करमाळ्याकडं पाठवा की."

"तिकडंही घोडे आहेत, रावसाहेब."

दोन दिवस भरले तेव्हा घोडीचा डोळा सुजून पार मिटला होता. म्हाताऱ्याचाही.

"दवा नहीं, साब?" चाचांनी विचारलं.

"नाही, चाचा."

"तो मेरे सामने नक्को." त्यांनी तिच्या मानेवर हात फिरवला आणि मागे न बघता निघून गेले. मी त्यांची माफी मागायला हवी होती. ती मागितली नाही. त्याची लाज अजून वाटते.

दोन्ही घोडे गेले. रावसाहेबांनी प्रत्येक घोड्यासाठी वेगळं घमेलं आणलं आणि त्यावर दात्यांची नावं रंगवून घेतली. मी मात्र त्यानंतर कुणाचं जनावर सोडवण्याआधी आमचाच तबेला तपासू लागलो.