सुचेताबाईंची डच फेरी

सुचेता सबनीस यांना या देशात सगळं करायला मिळालं, फक्त डच बोलायला कुणी देत नव्हतं.

बाई डच शिकल्या नव्हत्या असं मुळीच नाही. नवऱ्याच्या व्हिसाचं बोट धरून त्या आर्नहेमला आल्या, त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. जयप्रकाशराव वीज कंपनीत. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजी, त्यामुळे त्यांचं डच ‘आभारी आहे’ आणि ‘पावती नको’ यापुढे सरकलं नाही. बाईंनी मात्र नगरपालिकेचे वर्ग केले, परीक्षा दिली, पाळणाघरात नोकरी धरली. पण बेकरी असो की डॉक्टर, त्यांनी डचमध्ये पहिलं वाक्य टाकलं की समोरचा माणूस गोड हसून इंग्रजीवर यायचा. त्याला वाटायचं, आपण बाईंची सोय करतोय. बाईंना वाटायचं, पाटावर बसवून पुढचं ताट उचलून नेलं. पाळणाघरातली पोरं तेवढी त्यांच्याशी भरभरून डच बोलायची, पण तीही चार वर्षांची झाली की शाळेत निघून जायची.

शहराबाहेर ट्रेनने थोडं गेलं की एका गावात राजाची जुनी घोडेस्वारीची शाळा आहे. घोडे कधीच गेले. जिथे वाळू पसरलेली असायची तिथे आता लाकडी फरशी आहे, तिच्यावर मैफली होतात, नाटकं होतात, आणि तबेल्यात कॉफी मिळते. एवढं मोठं छत, पण मध्ये एकही खांब नाही. खिडक्या मुद्दाम उंचावर, घोड्यांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. पाळणाघरातली नोकरी सुटल्यावर बाई तिथे गाइड म्हणून जाऊ लागल्या. बिनपगारीच काम, पण त्यासाठीही इथे रीतसर मुलाखत होते. त्या मुलाखतीत पास होऊन बाईंच्या वाट्याला आल्या त्या इंग्रजी फेऱ्या. पर्यटक, परदेशी विद्यार्थी, कुणाचे तरी भारतातून आलेले सासू-सासरे. डच लोकांची फेरी शनिवारी सकाळी, आणि ती कायम दुसऱ्या कुणाकडे.

शेवटी बाईंनी मारायकेला विचारलंच. मारायके तिथली गाइड मंडळींची व्यवस्था बघते आणि मनात आहे ते तोंडावर बोलते. ती म्हणाली, एक शनिवार तुला देते. लोक तुझ्याशी इंग्रजी बोलायला लागले, तर मात्र तू इंग्रजीच फेऱ्या करायच्या, पुन्हा हा विषय नको. बाईंनी मान डोलावली.

मग तयारी. शाळा बांधणाऱ्या राजापासून पुढच्या सगळ्या राजांची माहिती डचमध्ये लिहून काढून तोंडपाठ. रोज जेवणं झाली की जयप्रकाशराव सोफ्यावर डच जनता म्हणून बसायचे आणि दुसरा राजा गादीवर येईपर्यंत ही जनता घोरायला लागायची. युट्रेख्टला राहणारी लेक, जुई, फोनवर म्हणाली, “आई, जस्ट डू इट इन इंग्लिश ना. सगळ्यांना कळतं.” सगळ्यांना कळतं हेच तर बाईंचं दुखणं होतं, पण ते लेकीला काय सांगणार?

तो शनिवार नेमका दसऱ्याचा निघाला. सकाळी बाईंनी दारातल्या दोन्ही सायकली पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, बागेतल्या झेंडूचे हार घातले. एक हार उरला. तो पिशवीत घालून त्या निघाल्या. सोबत जयप्रकाशराव होते, पण फेरीत यायचं नाही, मुकाट तबेल्यात कॉफी पीत बसायचं, या अटीवर.

दालनात एक लाकडी घोडा आहे. पूर्वी नवशिके स्वार आधी त्याच्यावर चढायला शिकायचे. त्याच्या पाठीचं चामडं बसून बसून गुळगुळीत झालंय. राजाच्या अश्वशाळेत दसऱ्याच्या दिवशी एकही घोडा नाही, हे बाईंच्या जिवाला लागलं. त्यांनी ठरवलं, हार घालायचा, नमस्कार करायचा आणि लोक यायच्या आत काढून पिशवीत टाकायचा. हार घातला, नमस्कार झाला. पण काढायला हात पुढे होईना. घातलेला हार असा लगेच कुणी काढतं का? दसऱ्याच्या दिवशी, आणि तेही स्वतःच्या हाताने? बाई घोड्यापुढे घुटमळत राहिल्या, तोवर डच मंडळी वेळेच्या आधीच येऊन दारात उभी.

बाईंनी घोड्याकडे पाठ करून सुरुवात केली. पहिला राजा ठीक पार पडला. दुसरा राजा गादीवर बसतोय तोच मागून एक उंच म्हातारबाबा म्हणाले, “त्या घोड्याला फुलं कशाला?” डचमध्येच म्हणाले.

बाईंनी वळून घोड्याकडे पाहिलं. दुसरा राजा गेला, तिसरा गेला, पाठ केलेलं एक वाक्य डोक्यात उरलं नाही. मग ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत, सुचेल तसं, त्या सांगायला लागल्या. आमच्याकडे आज सण असतो. ज्याच्या जिवावर आपण पोट भरतो, त्याला आज कामाला जुंपायचं नाही, त्याच्या पाया पडायचं. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन. घोडा असेल तर त्याला न्हाऊ घालायचं. माझ्याकडे घोडा नाही, सायकल आहे, तिला सकाळीच हार घातलाय.

“सायकलला?” एका आजींनी विचारलं. बॅटरीची चालते का, दुसरीने विचारलं. सायकल चोरीला गेली असेल तर कुणाला हार घालायचा, असं तिसऱ्याने विचारलं आणि सगळे हसले. पहिल्या आजी म्हणाल्या, माझे वडील घोडागाडीतून दूध घालायचे, रविवारी घोडा चरायला मोकळा, आम्ही मात्र चर्चला. बाई त्यांच्याशी बोलण्यात अशा रंगल्या की फेरीची वेळ कधीच उलटून गेली. आपण कुठल्या भाषेत बोलतोय याचा त्यांना साफ विसर पडला होता.

फेरी संपल्यावर त्या तबेल्यात येऊन नवऱ्याशेजारी टेकल्या. तोच ते म्हातारबाबा टेबलापाशी आले. बसले नाहीत. उभ्यानेच, बोट नाचवत, बराच वेळ बोलले. राजांचं सगळं भिंतीवरच्या फलकावर लिहिलंय, ते मला वाचता येतं. सुरुवात कंटाळवाणी झाली. तुम्ही फार भरभर बोलता. माझी बस चुकली. घोड्याचं चांगलं होतं, ते आधी घ्या. एवढं बोलून ते टोपी चढवून निघून गेले. काउंटरमागून मारायके ऐकत होती. ती ओरडून म्हणाली, पुढच्या शनिवारी जरा आटोपशीर घे.

जयप्रकाशरावांना त्यातलं बोट तेवढं कळलं होतं. ते कावरेबावरे होऊन म्हणाले, “अगं, तो माणूस तुला रागावला का? मी बोलू का त्याच्याशी? इंग्रजी येत असेल ना त्याला?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

“येत असेलच हो,” त्या म्हणाल्या. “पण माझी तक्रार केली ना, ती डचमध्ये केली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.”